डोंगर चढलेला मका

चेन्नईच्या एग्मोर स्थानकाची तांबडी इमारत १९०८ साली उघडली. तेव्हापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशांची येथे अखंड वर्दळ चालत आली आहे. ज्या फलाटावरून एखादा मराठी माणूस सरस्वती महालाच्या ओढीने तंजावरला जातो, तेथूनच मदुराईकडे जाणारी रात्रीची गाडी सुटते. ह्या गाडीत बसलेला प्रवासी पहाटेच्या सुमारास कोडाईकनाल रोड नावाच्या लहान स्थानकावर उतरतो आणि तेथून घाटाच्या रस्त्याने पळणीच्या डोंगरावर चढतो. एग्मोर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच, तर कोडाईकनाल २,१०० मीटरांहून अधिक. चेन्नईचे वर्षाचे सरासरी तपमान २८ ते २९ अंश सेल्सियस. कोडाईकनालचे १४ ते १५. एका रात्रीच्या आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवासात हवा चौदा अंशांनी उतरते. दर हजार मीटर चढास सुमारे साडेसहा अंश हा भूगोलाच्या पुस्तकातील नियम येथे अंगावर काटा आणून शिकवला जातो.

प्रवासी पेटीतून लोकरीचा सदरा काढतो आणि त्याची अडचण तेथेच संपते. परंतु समजा, वाटेत लागणाऱ्या दिंडिगलच्या सपाटीवरील एखाद्या शेतातून त्याने मक्याचे मूठभर दाणे बरोबर घेतले आणि कोडाईकनालच्या परसात पेरले, तर त्या दाण्यांचे काय होईल? वनस्पतीला लोकरीचा सदरा नाही आणि परतीचे तिकीटही नाही. जेथे दाणा पडला तेथील हवा तिला जन्मभर सोसावी लागते. म्हणून डोंगरावरील पिकांचा अभ्यास म्हणजे एका अर्थी ह्याच प्रश्नाचा अभ्यास होय: जे पीक मूळचे उष्ण दरीतले, ते थंड पठारावर पोहोचले कसे?

प्रथम थोडे गणित करून पाहू. मक्याची वाढ सुमारे १० अंशांखाली जवळजवळ थांबते. म्हणून दिवसाच्या सरासरी तपमानातून १० वजा केले असता जी बाकी उरते, तेवढीच त्या दिवसाची रोपाच्या उपयोगी पडलेली उष्णता असे शेतकीचे शास्त्र मानते. सपाटीवरच्या एखाद्या वाणाला पेरणीपासून तुरा येईपर्यंत अशी १,००० अंशांची एकूण बेरीज लागते असे धरू. २८ अंशांच्या हवेत रोज १८ अंश जमा होतात आणि पंचावन्न-छप्पन्न दिवसांत तुरा बाहेर पडतो. १५ अंशांच्या हवेत रोज फक्त ५ अंश जमा होतात. बेरीज पुरी व्हायला दोनशे दिवस! तोवर पावसाळा सरलेला असतो, रात्री गारठलेल्या असतात, आणि कणीस भरायचे अजून बाकीच असते. प्रवाशाचा मका बहुधा मरणार नाही. तो हिरवा राहील, रखडेल आणि दाणा न देताच संपेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या दोहोंत फारसा भेद नाही.

थंडी मक्याला का बाधते

मका ही उष्ण आणि लख्ख उजेडाच्या प्रदेशातील वनस्पती आहे. तिची अन्न तयार करण्याची पद्धत ज्वारी व ऊस यांच्यासारखी असून गव्हाच्या पद्धतीहून वेगळी आहे. उन्हाळी हवेत ही पद्धत मोठी कार्यक्षम ठरते. परंतु ह्या रासायनिक साखळीतील काही विकरे थंडीला फार हळवी असतात. तपमान १०-१२ अंशांच्या खाली गेले की त्यांतील एका महत्त्वाच्या विकराचे घटक एकमेकांपासून सुटे होऊ लागतात आणि काम मंदावते.

दुसरी अडचण पेशींच्या पटलांची. प्रत्येक पेशीभोवती आणि पेशीतील अनेक भागांभोवती मेदद्रव्यांचे अतिशय पातळ पटल असते. थंडीत तुपाचे काय होते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तूप थिजते, आणि त्याच फडताळातील गोडेतेल मात्र पातळच राहते. पेशीपटलांचेही असेच आहे. पटलात कोणती मेदद्रव्ये किती प्रमाणात आहेत, यावर ते थंडीत लवचिक राहील की ताठर होऊन झिरपू लागेल, हे ठरते. ही घरगुती उपमा वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

तिसरी गोष्ट जरा चमत्कारिक वाटेल. डोंगरावर थंडीइतकाच सकाळचा उजेडही रोपाला इजा करतो. रात्रभर गारठलेल्या पानावर सूर्योदयानंतर विरळ हवेतून प्रखर किरणे पडतात. पान उजेड तर घेते, पण त्या शक्तीचा उपयोग करणारी यंत्रणा अजून थंड असते. जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाड्या येतच राहाव्यात आणि आतले यंत्र मात्र बंद असावे, तशी ही स्थिती. साचलेली शक्ती पानातील हरितकणांचेच नुकसान करते.

आपल्याकडेही ह्याची चुणूक पाहायला मिळते. महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने उंच शेतीप्रदेश नाही, कारण आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई हेच मुळी १,६४६ मीटर आहे. तथापि नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, आणि अशा वेळी रब्बी मक्याच्या कोवळ्या रोपांची पाने जांभळट पडलेली दिसतात. थंड जमिनीत मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही, वाढ थबकते, साखर पानातच साचते आणि जांभळे रंगद्रव्य तयार होते. ऊब आली की बहुतेक रोपे पुन्हा हिरवी होतात. सपाटीच्या मक्याला जांभळा रंग हे संकटाचे चिन्ह आहे. डोंगरी मक्यात तोच रंग निराळ्या कामाला लागलेला आढळतो.

मूळ घर

मक्याचा जन्म दक्षिण-पश्चिम मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात, उबदार आणि तुलनेने सखल प्रदेशात, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी झाला. त्याचा पूर्वज म्हणजे टिओसिंटे नावाचे रानगवत. टिओसिंटेच्या कणसात पाच ते बारा दाणे, तेही दोनच ओळींत आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचात बंद! हे गवत आपल्या भरघोस कणसाचे बापजादे असावे, यावर पुष्कळ शास्त्रज्ञांचा विश्वास बसत नसे. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ जॉर्ज बीडल यांनी १९३९ साली हा संबंध ठामपणे मांडला. मधल्या काळात त्यांना दुसऱ्याच एका संशोधनासाठी १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण निवृत्तीनंतर ते पुन्हा मक्याकडे वळले आणि मका व टिओसिंटे यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील सुमारे पन्नास हजार झाडे त्यांनी तपासली. दर पाचशे झाडांमागे साधारण एक झाड शुद्ध मक्यासारखे आणि एक शुद्ध टिओसिंटेसारखे निघाले. त्यावरून ह्या दोहोंतील ठळक फरक चार-पाच प्रमुख जनुकांनी घडलेले असावेत, असा निष्कर्ष निघाला. पुढे गुणसूत्रांच्या अभ्यासाने टिओसिंटेचे पूर्वजत्व निर्विवाद ठरले.

आता नकाशा उघडावा. मेक्सिको शहर आणि मुंबई ही दोन्ही जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, म्हणजे १९ अंश उत्तरेच्या जरा वर आहेत. दोन्हीकडे दिवसाची लांबी वर्षभर सारखीच बदलते. पण मेक्सिको शहर २,२४० मीटर उंचीवर आहे आणि पलीकडचे तोलुकाचे पठार २,६०० मीटरांवर. मुंबईत ज्या महिन्यांत घामाच्या धारा लागतात, त्याच महिन्यांत तोलुकाच्या शेतकऱ्याला पहाटे हिमकणांचे भय असते. बाल्सासच्या दरीत जन्मलेला मका हे पठार सहज चढला नाही. वाहाकातील गिला नाकित्झ गुहेत, १,९०० मीटरांच्या जरा वर, मक्याची जी अतिप्राचीन कणसे सापडली, ती सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची आहेत. दरीतील जन्मापासून तोवर अडीच हजारांहून अधिक वर्षे लोटली होती.

शेतातील उपटसुंभ नातलग

मध्य मेक्सिकोच्या थंड पठारावर मक्याच्या आधीपासून एक दुसरा टिओसिंटे राहत होता. त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ मेक्सिकाना म्हणतात. आपण त्याला डोंगरी टिओसिंटे म्हणू. बाल्सासचा सखल टिओसिंटे साधारणतः १,८०० मीटरांच्या खाली आढळतो. डोंगरी टिओसिंटे सुमारे १,६०० ते २,७०० मीटरांच्या पट्ट्यात. मक्याची लागवड वर सरकू लागली तशी हा नातलग तणाच्या रूपाने शेतात शिरला. मेक्सिको शहराजवळील चाल्को भागात तर तो मक्याच्या रोपाची इतकी हुबेहूब नक्कल करतो की, फुलोरा येईपर्यंत शेतकऱ्याला पीक कोणते आणि तण कोणते हे ओळखता येत नाही. तोवर वाऱ्याने परागकण इकडचे तिकडे नेलेले असतात.

मक्याचे नर-फुलोरे शेंड्यावरील तुऱ्यात असतात आणि मादी-फुले खालच्या कणसात. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक रेशमी धागा हा एका दाण्याचा स्त्रीकेसर असतो; त्यावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. हा पराग शेजारच्या मक्याचा आहे की बांधावरील टिओसिंटेचा, याची वारा चौकशी करीत नाही. अशा रीतीने अधूनमधून संकर होत राहिला. बहुतेक संकर निरुपयोगीच. त्यांची कणसे बारीक आणि दाणे कवचबंद. परंतु काही थोड्या संततीत डोंगरी टिओसिंटेचे हाड आणि मक्याचे कणीस असा संयोग साधला. ज्या वर्षी थंडी लवकर आली, त्या वर्षी अशाच झाडांवर दाणा भरलेला राहिला. शेतकरणीने बियाण्यासाठी तीच कणसे काढून ठेवली. पुढील पिढ्यांत ही झाडे पुन्हा मक्याशीच संकरली आणि टिओसिंटेचे बाकीचे अवगुण गळत जाऊन त्याचे मोजके तुकडे मक्याच्या गुणसूत्रांत कायम झाले.

हे केवळ अनुमान नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मक्याच्या गुणसूत्रांत डोंगरी टिओसिंटेकडून आलेले आणि निवडीने टिकलेले नऊ प्रदेश दाखवण्यात आले. त्यांतील काही प्रदेश पानाच्या वेढ्यावरील लव आणि तांबडा-जांभळा रंग यांच्याशी निगडित असलेल्या जागीच आहेत. मध्य मेक्सिकोतील डोंगरी मक्याची खोडे दाट लवेची आणि जांभळी असतात, हे तेथील शेतकऱ्याला शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. गडद रंग उजेडातील अधिक उष्णता शोषतो आणि लव ती ऊब खोडापाशी धरून ठेवते, असे मानले जाते. म्हणजे जो रंग निफाडच्या रोपाचे दुखणे सांगतो, तोच येथे घोंगडीचे काम करतो! त्याच अभ्यासकांनी बंदिस्त खोलीत डोंगरावरची हवा निर्माण करून दोन प्रकारचे मके वाढवले. टिओसिंटेचे तुकडे असलेली रोपे उंच वाढली. सखल हवा दिली तेव्हा असा फरक दिसला नाही.

याहून मोठे आश्चर्य २०२३ साली पुढे आले. मका व टिओसिंटे यांच्या हजारांहून अधिक नमुन्यांची जनुकीय तपासणी करून शास्त्रज्ञांनी दाखवले की, आज जगात पिकणाऱ्या जवळजवळ सर्व मक्यात, अगदी सखल आणि उष्ण प्रदेशातील मक्यातसुद्धा, डोंगरी टिओसिंटेचा वारसा साधारण एक-पंचमांश भरतो. पेरूच्या किनाऱ्यावरील पारेदोनेस येथे सापडलेल्या सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या मक्यात मात्र हा वारसा मुळीच नाही. याचा अर्थ असा की, मका दोनदा घडला. प्रथम दरीत, सखल टिओसिंटेपासून. नंतर सुमारे चार हजार वर्षांनी पठारावर, डोंगरी टिओसिंटेशी झालेल्या संकरातून; आणि हा दुसरा मका इतका सरस ठरला की, तो पठारावरून सर्वत्र पसरला आणि आधीच्या मक्यात मिसळून गेला. दिंडिगलच्या शेतातील आपल्या प्रवाशाच्या मुठीतही त्या पठाराचा अंश आहेच.

उलटा मणी-सर आणि उपयोगी बिघाड

मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात आणि एका संपूर्ण संचात डीएनएची सुमारे २३० कोटी अक्षरे. ह्या अफाट ग्रंथात थंडीचा धडा नेमका कोठे आहे? तो एका जागी नाही, अनेक पानांवर विखुरलेला आहे. तरी दोन ठिकाणे विशेष ध्यान देण्याजोगी आहेत.

पहिले चौथ्या गुणसूत्रावर. मण्यांच्या माळेतील मधला तुकडा तोडून उलटा करून पुन्हा ओवावा, तसा तेथे एक कोटीहून अधिक अक्षरांचा भाग उलटा झालेला आहे. पुनरुत्पादनाच्या वेळी जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. पण एक सरळ आणि दुसरे उलटे असेल तर त्या भागात ही अदलाबदल फलद्रूप होत नाही. परिणामी उलट्या तुकड्यातील शेकडो जनुके मोळीसारखी एकत्र बांधलेली राहतात. त्यांतील थंडीस उपयोगी पडणारी जनुके सखल प्रदेशातून येणाऱ्या परागाने फुटून विखुरली जात नाहीत. हा उलटा तुकडा डोंगरी टिओसिंटेकडूनच आला. मेक्सिकोत सखल भागातील मक्यात तो जवळजवळ नाही, उंच पठारावरील मक्यात सर्रास आहे. २०१७ साली चार हजारांहून अधिक देशी वाणांच्या तपासणीत असे आढळले की, तो असणाऱ्या झाडांना सुमारे तीन दिवस आधी फुलोरा येतो. तीन दिवस म्हणजे काय मोठे, असे शहरी वाचकाला वाटेल. ज्या शेतावर हिम कोणत्याही पहाटे उतरू शकते, तेथील शेतकऱ्याला विचारावे.

दुसरे ठिकाण तिसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुक. आता तुपा-तेलाची उपमा आठवावी. पेशीपटलातील प्रमुख मेदद्रव्यांपैकी एकाचे नाव फॉस्फॅटिडिलकोलीन. हे जनुक ते द्रव्य तोडणारे एक विकर घडवते. डोंगरी मक्यात ह्या जनुकात बिघाड झालेला आहे; विकर नीट काम करीत नाही, म्हणून फॉस्फॅटिडिलकोलीन साठत जाते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे बिघडलेले रूपही डोंगरी टिओसिंटेकडून आले असून त्याचा संबंध लवकर फुलण्याशी आहे. प्रयोगशाळेत सपाटीच्या मक्यातील हेच जनुक मुद्दाम निकामी केले, तेव्हा द्रव्याचे प्रमाण वाढले आणि फुलोराही किंचित आधी आला. बिघाड म्हणजे हानीच, ही आपली नेहमीची समजूत. परंतु जनुकाचा गुणदोष तो कोणत्या हवेत काम करतो यावर ठरतो. दरीत जे मोडके, ते पठारावर उपकारक. विशेष म्हणजे उत्तर अमेरिका व युरोप येथील थंड प्रदेशांत पिकणाऱ्या अनेक वाणांत हेच डोंगरी रूप टिकून आहे. उंचीच्या थंडीसाठी मिळालेली देणगी अक्षांशाच्या थंडीतही कामी आली.

येथे बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा उल्लेख करावयास हवा. १९५७ नंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅटिन अमेरिकेतील मक्याच्या शेकडो वाणांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यांवरील गडद गाठींची नोंद ठेवली. उंचावरील वाणांत ह्या गाठी कमी असतात, हे तेव्हाच ध्यानात आले होते. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की, उंची वाढते तसा मक्याच्या डीएनएचा एकूण आकारही घटत जातो. नक्कल करावयाची सामग्री कमी असेल तर पेशी लवकर विभागतात आणि फुलोरा लवकर येतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. चढण चढणाऱ्याने ओझे कमी करावे, हे आपल्याकडील कोणताही गडकरी सांगेल.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर मका याहूनही उंच गेला. पेरूमध्ये ३,६०० मीटरांवर सुमारे ४,००० वर्षांपूर्वी तो पिकत असल्याचे पुरावे आहेत, आणि तितिकाका सरोवराच्या काठी ३,८०० मीटरांवर आजही तो बुटक्या रूपात पिकतो. तेथे रानटी टिओसिंटे नाही, आणि चौथ्या गुणसूत्रावरील तो उलटा तुकडाही नाही. तेथील मक्याने पुष्कळ अंशी स्वतंत्र वाट काढलेली दिसते. मात्र काही जनुके दोन्हीकडे सारखीच निवडली गेल्याचे नंतरच्या, अधिक बारकाईच्या तपासणीत आढळून आले आहे.

उतरण अवघड

इथवर वाचून डोंगरी मका हा सर्व बाबतींत श्रेष्ठ, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे. दक्षिण मेक्सिकोच्या चियापास प्रांतात संशोधकांनी सखल, मध्यम आणि उंच भागांतील देशी वाण एकमेकांच्या शेतांत अदलून-बदलून पेरले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात डोंगरी वाण खालच्या उष्ण शेतांत साफ मागे पडले. सखल वाणांनी जागा बदलली तेव्हा त्यांचे इतके हाल झाले नाहीत. थंडीशी केलेला करार डोंगरी वाणांना बांधून ठेवतो.

ही गोष्ट आज केवळ अभ्यासाची राहिलेली नाही. पृथ्वीचे सरासरी तपमान वाढत आहे आणि त्याबरोबर थंड पट्टा डोंगरावर वरवर सरकत आहे. वाण आणखी वरच्या शेतात नेता येईल, पण वर शेत हवे. पर्वत शंकूसारखा निमुळता होत जातो आणि एका उंचीनंतर जमीनच संपते. मेक्सिकोतील टेक्सकोकोजवळ १९६६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या बीजकोठारात मक्याचे अठ्ठावीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. परंतु कोठारातील बी कायमचे जिवंत राहत नाही. काही वर्षांनी ते पेरून नवे करावे लागते, आणि डोंगरी बी डोंगरावरच पेरावे लागते. सपाटीवर पेरले तर जी झाडे उष्णतेला टिकतील तीच उरतील, आणि पिशवीवर जुनेच नाव राहून आतला वाण मात्र बदललेला असेल.

एग्मोरच्या पँथिऑन रस्त्यावर १८५१ साली स्थापन झालेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्याच आवारात १८९६ सालचे कन्नेमारा ग्रंथालयही आहे. रात्रीच्या गाडीला अवकाश असलेल्या प्रवाशाने तेथील वनस्पतिविभाग अवश्य पाहावा. वाळवलेल्या नमुन्यावरून झाडाचे पान, फूल, फळ, सारे रूप समजते. थंडी सोसण्याचा गुण मात्र वाळल्या नमुन्यात दिसत नाही. तो दिसायला झाड जिवंत हवे आणि थंडी खरी हवी.

आपला हिमालय

भारतात मका सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मार्फत आला, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे मेक्सिकोच्या पठाराला जेथे सहस्रके लागली, तेथे हिमालयातील मक्याला चार-पाचशे वर्षेच मिळाली, आणि तीही संकरास रानटी टिओसिंटे जवळ नसताना. तरीही सिक्कीमपासून काश्मीरपर्यंत डोंगरउतारांवर तो रुजला. इतक्या थोड्या अवधीत हे कसे साधले, याचे एक संभाव्य उत्तर वर येऊन गेलेच आहे: येथे पोहोचलेला मका मुळातच दुहेरी वारशाचा होता. थंडीचे काही धडे त्याच्या गाठोड्यात आधीच बांधलेले होते. हिमालयाने त्यांतले हवे ते निवडले.

सिक्कीममधील एक लाह्यांचा मका ह्या संदर्भात प्रसिद्ध आहे. स्थानिक लोक त्याला मुरली मकई म्हणतात. एन. एल. धवन यांनी १९६४ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या एकाच खोडाला पाच ते नऊ लहान कणसे लागतात आणि तुरा खाली झुकलेला असतो. उत्पन्नाच्या हिशेबात तो संकरित वाणांपुढे टिकणार नाही. परंतु एका खोडावर अनेक कणसे धरण्याचा गुण सुधारकांना हवाहवासा वाटतो, आणि तो तेथील कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या बी राखले म्हणूनच शिल्लक आहे.

देशात समन्वित मका सुधार योजना १९५७ साली सुरू झाली आणि १९६१ साली पहिले संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. हे बहुतेक सपाटीसाठी होते. डोंगरासाठी वेगळे काम अलमोड्याच्या विवेकानंद प्रयोगशाळेने केले. बोशी सेन यांनी १९२४ साली कलकत्त्यात स्थापलेली ही संस्था १९३६ साली अलमोड्यास आली आणि १९७४ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आहे. तिच्या वाणांच्या नावांआधी व्ही. एल. ही अक्षरे असतात. त्यांतील अनेक मके लवकर तयार होणारे आहेत, कारण डोंगरी शेतकऱ्याला भरघोस कणसाइतकाच वेळेवर रिकामा होणारा वाफा हवा असतो. मागाहून गहू पेरायचा असतो.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

सपाटीच्या मक्याचे चाळीस दाणे आणि गव्हाचे चाळीस दाणे घ्यावेत. दाणे औषध लावलेले नसावेत. प्रत्येकी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून वर्गातील फळीवर ठेवावेत. उरलेले तसेच गुंडाळून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, जेथे तपमापक ८ अंशांच्या आसपास दाखवील तेथे ठेवावेत. फडकी सुकू देऊ नयेत. रोज ठरल्या वेळी उघडून किती दाण्यांना मोड आले ते वहीत लिहावे आणि तपमानही लिहावे.

फळीवरचा मका साधारण तीन-चार दिवसांत रुजेल. थंड कप्प्यातील गहू उशिरा का होईना, मूळ बाहेर काढील. मका बहुधा फुगून तसाच पडून राहील. बारा दिवस झाले की थंड कप्प्यातील मक्याचे दाणे बाहेर काढून फळीवर ठेवावेत आणि पुन्हा मोजावे. सगळे रुजणार नाहीत. काही कुजलेले निघतील, काहींचे मोड वाकडे येतील, आणि एखाद-दुसरा दाणा काहीच न घडल्यासारखा सरळ वर येईल. तो वेगळ्या कुंडीत लावून कुंडीवर तारीख लिहावी.